आमच्या जावयांचे धुराडे

मराठीत 'चिमणी' या शब्दावर जितके ओझे लादले गेले आहे, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दावर लादले गेले असेल. अंगणात दाणे टिपते ती चिमणी, कंदिलावर बसवतात ती काच म्हणजे चिमणी, रॉकेलचा भगभगणारा बिनकाचेचा दिवा तीही चिमणीच, आणि मुंबईच्या गिरणगावात आभाळात धूर सोडीत उभी असे ती तर साऱ्या चिमण्यांची पट्टराणी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी यांपैकी पहिल्या तीन उदंड होत्या. चौथी मात्र नव्हती. चुलीचा धूर स्वयंपाकघरात मनसोक्त हिंडे, तुळयांना, उतरंडीला आणि माझ्या आईला काळे करी, आणि मग सवडीने कौलांच्या फटींतून बाहेर पडे. पहिल्यांदाच येणारा पाहुणा सकाळच्या वेळी दुरून घर पाहून दचके. त्याला वाटे, आग लागली!

या चौथ्या चिमणीशी माझी खरी ओळख झाली ती वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आणि तीही सातासमुद्रांपलीकडे. ती ओळख आम्हांला फार महाग पडली असती. तुम्ही म्हणाल, पुण्यामुंबईच्या फ्लॅटात राहणाऱ्या आम्हांला धुराड्याचे काय? परंतु आता घरटी एक तरी मूल थंड मुलखात जाऊन राहिले आहे, आणि तिथे त्यांच्या घरात काय जळते आणि त्याचा धूर कुठे जातो, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?

२०१८ च्या ऑक्टोबरात मी मुलीकडे गेले. अमेरिकेत व्हरमाँट नावाचे एक चिमुकले राज्य आहे. त्याची राजधानी माँटपेलियर. तिथून अर्ध्या तासाच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत मुलीने आणि जावयांनी जुने लाकडी घर घेतले होते. मेपलची झाडे लालभडक झालेली, अंगणात पानांचा सडा! पहिले पंधरा दिवस मी नुसती बघत राहिले. मग थंडी पडली. तिला थंडी म्हणणे म्हणजे समुद्राला डबके म्हणण्यासारखे आहे. जानेवारीत पारा शून्याखाली बावीस अंशांवर गेला, आणि आमचे जावई बोलून चालून नागपूरचे! मे महिन्यात डोक्यावर उपरणे गुंडाळून हिंडण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांनी हे बर्फाचे घर का पत्करले ते मला अजून उमगलेले नाही.

घर उबदार ठेवायला तळघरात तेलाची भट्टी होती. पण तेल महाग, आणि भट्टीचा पंखा विजेवर चालणारा. बर्फाच्या वादळात झाडे तारांवर पडली की वीज जाते आणि वीज गेली की भट्टी थंड. आदल्या हिवाळ्यात दोन दिवस असे काढावे लागले होते म्हणे. म्हणून जावयांनी एका शेजाऱ्याकडून लाकडावर चालणारी ओतीव लोखंडाची शेगडी चारशे डॉलरना विकत घेतली. काय देखणी शेगडी होती ती! काळी कुळकुळीत, चार पाय, पुढे काचेचे दार. मागच्या अंगाला धूर जाण्यासाठी गोल तोंड. त्याचा व्यास सहा इंच.

हॉलमध्ये विटांची जुनी भिंतीतली आगोटी होती. तिच्यावर विटांचेच भले थोरले धुराडे, घराच्या उत्तरेकडच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून वर गेलेले. जावयांनी काय केले, शेगडी त्या आगोटीपुढे ठेवली, सहा इंची नळी जोडून तिचे टोक धुराड्याच्या घशात खुपसले आणि उरलेली जागा पत्र्याने बुजवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आई, तुम्ही गणिताच्या शिक्षिका. सांगा बघू, एवढी छोटी नळी आणि एवढं मोठं धुराडं. चालेल ना?"

येथे मला माझा गुन्हा कबूल केला पाहिजे. पस्तीस वर्षे मी मुलींना वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवले. मी चष्मा सारखा केला आणि ऐटीत सांगितले, "न चालायला काय झालं? धुराडं जितकं मोठं तितका धूर सुखानं जाईल. अरुंद बोळातून गर्दी जाणं बरं, की हमरस्त्यावरून?"

जावई खूश झाले. सासूने शाबासकी दिलेले काम मग दुसऱ्या कोणाला कशाला दाखवायचे? तिथल्या रीतीप्रमाणे जाणकार माणूस बोलवायला हवा होता, तो कोणी बोलावला नाही.

पहिल्या दिवसापासून शेगडी नाखूश होती. लवकर पेटेना. दार उघडले की धुराचा एक लोट हॉलमध्ये येई. जावई म्हणत, लाकूड ओले असेल. ते थोडे खरेही होते. मुलगी म्हणे, हवा खराब आहे. मी काहीच म्हणत नसे, कारण मला त्या वासाने आमच्या स्वयंपाकघराची आठवण येई आणि, खोटे कशाला सांगू, बरे वाटे. माणसाच्या नाकाला शहाणपण नसते, त्याला फक्त माया असते. काच तर रोज काळी होई. रात्री निजताना जावई हवेची खिडकी अगदी बारीक करीत, म्हणजे लाकडे सकाळपर्यंत धुमसत पुरतील. काटकसरी माणूस! मला त्यांचे कौतुकच होते.

जानेवारीच्या मध्यावर नातू सकाळी उठला की डोके दुखते म्हणू लागला. तो आठ वर्षांचा, आणि शाळा बुडवण्याच्या कलेत आजोबांवर गेलेला. आम्ही कोणी मनावर घेतले नाही. माझेही डोके जड असे. मी ते थंडीच्या आणि वयाच्या नावावर मांडले.

आणि एका रात्री, दोनच्या सुमारास, जिन्याजवळच्या भिंतीवरची पांढरी डबी ओरडू लागली. चार वेळा पीं पीं पीं पीं, क्षणभर थांबे, पुन्हा चार वेळा. मला वाटले, कुठेतरी धूर झाला. मी खाली आले. धूर मुळीच नव्हता! शेगडीत लालबुंद निखारे शांतपणे चमकत होते, देवघरातल्या समईसारखे. मी वर वळून म्हणाले, "काही नाही गं, निजा. डबी बिघडली असेल."

मुलीने ऐकले नाही. ती ओरडली, "आई, ती धुराची डबी नाही, ती कार्बन मोनॉक्साइडची आहे! आधी बाहेर हो!" नातू हाका मारून जागा होईना. जावयांनी त्याला पांघरुणासकट उचलले. बर्फात, सपाता घालून, शालीवर शाल ओढून आम्ही चौघे शेजारच्या घराकडे धावलो. ती वीस-पंचवीस पावले मी जन्मात विसरणार नाही. थंड वारा लागल्यावर पोराने डोळे उघडले आणि विचारले, "आजी, शाळेला सुट्टी आहे का?" मी मटकन बर्फात बसले.

त्या गावचा अग्निशामक दल म्हणजे गावचेच लोक. कोणी सुतार, कोणी शिक्षक, दूधवाला. पण पंधरा मिनिटांत हजर झाले. हातातली यंत्रे घेऊन घरभर फिरले. आधी तेलाची भट्टी तपासली. ती निर्दोष निघाली. मग शेगडीजवळ यंत्र धरले आणि त्यांच्यातला वयस्क माणूस आमच्या जावयांकडे पाहून फक्त एवढेच म्हणाला, की जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय ही पुन्हा पेटवू नका. नातवाला इस्पितळात नेऊन प्राणवायू दिला. सकाळी नऊ वाजता तो तिथल्या नर्सकडे दुसऱ्यांदा आइस्क्रीम मागत होता. जावई मात्र दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. आणि मी? मला ती हमरस्त्याची उपमा घशात काट्यासारखी रुतून बसली होती.

तिसऱ्या दिवशी धुराडी साफ करणारा कारागीर आला. पासष्टीचा, उंच, हाताची बोटे दोरखंडासारखी. त्याने कोणाला बोल लावला नाही. शिडी लावून छपरावर चढला, दिवा आत सोडला, खाली येऊन मोजपट्टी घशात घातली आणि कागदावर दोन आकडे लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. मी गणिताची शिक्षिका, हे त्याला नातवाने सांगून ठेवले होते!

धुराड्याची आतली पोकळी चौकोनी, साडेदहा इंच बाय साडेदहा इंच. म्हणजे एकशे दहा चौरस इंच. शेगडीचे तोंड सहा इंच व्यासाचे. तीनाचा वर्ग नऊ, त्याला पायने गुणले की अठ्ठावीस चौरस इंचांहून किंचित जास्त. म्हणजे धुराडे शेगडीच्या तोंडाच्या जवळजवळ चौपट. "मग?" मी विचारले. तो म्हणाला, धूर तेवढाच, वाट चौपट रुंद; तर मग तो किती वेगाने चालेल?

पाव वेगाने. हे तर सातवीच्या मुलीलाही सांगता आले असते! आणि जो पाव वेगाने चालतो तो चौपट वेळ वाटेत काढतो. बाहेर शून्याखाली वीस अंश, धुराड्याच्या तीन भिंती उघड्यावर. बिचारा धूर थंड पडतो. आणि धूर वर का जातो? तो गरम असतो म्हणून. गरम हवा हलकी, बाहेरची थंड हवा जड, जड हवा खालून रेटते आणि हलकी वर चढते. धुराडे म्हणजे काही ओढणारा पंप नव्हे. त्यात गरम धुराचा एक उंच खांब उभा असतो, आणि त्या खांबाची ऊब व उंची हीच त्याची ताकद. ऊब गेली की ताकद गेली. हमरस्त्यावर गर्दी सुखाने जाते खरी, पण हा धूर म्हणजे गर्दी नव्हे. थंडीत हमरस्त्यावर रेंगाळणारा तो म्हातारा आहे, वाटेतच गारठून बसणारा.

थंड झालेल्या धुराचे आणखी एक दुष्कृत्य असते. धुरात नुसती काजळी नसते. लाकडातून निघालेली वाफ आणि न जळलेले तेलकट वायू असतात. धुराड्याच्या भिंती साधारण एकशे वीस अंशांखाली गेल्या की हे सारे भिंतींवर थिजते आणि त्याचा डांबरासारखा थर बसतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. आमच्या धुराड्यातून त्या माणसाने सव्वा बादली खरवडून काढली. काही भुसभुशीत, तर काही लाखेसारखी चकाकणारी. हा थर एकदा पेटला की धुराड्यात हजार अंशांवर आग भडकते, विटा तडकतात, आणि लाकडी घर कडेलाच असते! तीन महिन्यांच्या आमच्या काटकसरीची ती कमाई.

आणि त्या रात्रीचे काय? रात्री धूर मुळीच नव्हता, हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितले. तो मान हलवीत राहिला. निखाऱ्यांना धूर नसतो, हेच तर भय. लाकूड जळून निखारा उरला की धूर थांबतो, पण कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. आग मंदावलेली, धुराडे गार पडलेले. मग बाहेरची जड हवा उलटी धुराड्यातून खाली उतरते आणि तो वायू घेऊन खोलीत येते. माझे नाक त्याला कधीच ओळखू शकले नसते. ती पांढरी डबी होती म्हणून मी आज हा लेख लिहीत आहे.

मी त्याला म्हटले, अहो, हे सारे मला लहानपणापासून ठाऊक होते आणि मला कळले नाही! त्याला कंदील कसा समजावायचा? मी कागदावर कंदील काढला. ज्या मापाची वात, त्याच मापाची काच. थोरल्या दिव्याची काच धाकट्यावर ठेवली तर ज्योत नाचते, काजळी धरते. काच काढलीच तर दिवा नुसता धूर ओकतो. आणि मग बंब काढला. आमच्या मागील दारी तांब्याचा बंब होता. मधून अरुंद नळी, भोवती पाणी. नळीत चार ढलप्या टाकून खाली काडी लावली की पाचव्या मिनिटाला घुंऽऽ असा आवाज सुरू होई. फुंकणी लागत नसे. पलीकडे चुलीपाशी आईची मात्र फुंकून फुंकून छाती फुटे. एकाच घरात, एकाच लाकडावर, बंब गाई आणि चूल रडे. मधली अरुंद नळी हेच ते रहस्य; आणि घरातल्या कोणाही शहाण्याला, मी धरून, ते कधी सुचले नाही.

हे काही आजचे ज्ञान नव्हे, हेही मग नातवाच्या पुस्तकांतून कळले. त्या मुलखाशेजारच्याच मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या दोन बेंजामिनांनी यावर डोके शिणवले होते. पहिला बेंजामिन फ्रँकलिन. त्याने १७४४ साली आपल्या नव्या शेगडीवर पुस्तिका छापली, आणि १७८५ साली युरोपातून मायदेशी परतताना जहाजावर बसून, यान इंगेनहाउझ या डॉक्टर मित्राला धूर कोंडणाऱ्या चिमण्यांची कारणे आणि उपाय कळवणारे लांबलचक पत्र लिहिले. एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा, समुद्र हलतोय, आणि हा चिमण्यांचा विचार करतोय! दुसरा बेंजामिन थॉम्प्सन, पुढे काउंट रम्फर्ड म्हणून गाजलेला. त्याने १७९६ साली लंडनच्या लोकांना सांगितले की तुमच्या आगोट्यांचे घसे अवाढव्य आहेत, ते चार इंचांवर आणा. लोकांनी आणले, आणि दिवाणखान्यांतला धूर गेला. अडीचशे वर्षांपूर्वी छापून झालेली गोष्ट आमच्या संगणक-अभियंता जावयांना आणि त्यांच्या गणितज्ञ सासूला ठाऊक नव्हती.

आता उपाय. तिथे आगीपासून बचावाचे लेखी नियम आहेत. त्यांप्रमाणे धुराड्याची पोकळी शेगडीच्या तोंडाहून कमी नसावी. धुराडे घराच्या आतून गेलेले असेल तर तिपटीहून आणि भिंती बाहेर उघड्या असतील तर दुपटीहून जास्त नसावी. आमची चौपट. म्हणून त्या माणसाने सांगितले, जुन्या विटांच्या धुराड्यातून सहा इंची पोलादी नळी खालपासून वरपर्यंत सोडायची, तिला ऊब धरणारे वेष्टन गुंडाळायचे, आणि शेगडी थेट तिला जोडायची. खर्च अडीच हजार डॉलर.

चारशेच्या शेगडीला अडीच हजारांची नळी! जावयांचा चेहरा पडला. रात्रभर संगणकापुढे बसून सकाळी ते विजयी मुद्रेने आले. "आई, पाच इंची नळी बरीच स्वस्त आहे. आणि तुम्हीच बघा, अरुंद नळीत वेग वाढतो. मग सहापेक्षा पाच चांगली नाही का?"

माझ्या मनाने पुन्हा 'हो' म्हणायची घाई केली होती. एकदा पोळलेली जीभ मी दातांखाली धरली आणि कागद घेतला. पाच इंची नळीचे क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस इंचांच्या आसपास. दिसायला एका इंचाचा फरक, पण वाट जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी! शेगडीचे तोंड अठ्ठावीस देणार आणि नळी साडेएकोणीस घेणार. मग उरलेल्याने जायचे कुठे? दार उघडले की हॉलमध्ये. कारागिरानेही फोनवर तेच सांगितले. शेगडी बनवणाऱ्याने तसे लेखी दिले असल्याखेरीज तोंडाहून लहान नळी लावायची नाही. मोठी का नको ते कळल्यावर लहान का नको हे कळायला माणसाला आणखी एक रात्र लागते.

जावई गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "मी त्या दिवशी तुम्हांला विचारलं नसतं तर बरं झालं असतं." मुलगी त्यांच्यावर डोळे वटारणार तोच मी म्हटले, "खरं आहे. आणि मी उत्तर दिलं नसतं तर त्याहून बरं झालं असतं. नळीचे अर्धे पैसे माझे." ते नको नको म्हणाले, पण मी माझ्या पेन्शनीतून दिले. त्यानंतर आमचे दोघांचे जितके जमले तितके लग्नाच्या बारा वर्षांत जमले नव्हते.

एका दिवसात काम झाले. वरून दोराने नळी सोडली, खाली राख झाडायला झाकणाचा सांधा बसवला, वर टोपी. खोलीतल्या नळीचे तुकडेही त्याने उलटवून बसवले. जावयांनी प्रत्येक तुकड्याचे चुण्या पाडलेले अरुंद तोंड वरच्या बाजूला ठेवले होते. ते खालच्या बाजूला हवे, म्हणजे वरून ओघळणारे डांबर सांध्यातून बाहेर न गळता पुन्हा शेगडीत जाते. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. आडव्या नळीला फुटामागे पाव इंच चढ. साधी एकेरी नळी लाकडी भिंतीपासून अठरा इंच दूर. हे सगळे मी वहीत टिपून घेतले. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी हवे तर कात्रण पाठवावे. आणि लाकूड वर्षभर आधी फोडून वाळत ठेवलेले, पाण्याचा अंश वीस टक्क्यांहून कमी. एकावर एक आपटले की ठक्क वाजले पाहिजे. थप्प वाजले तर ओले.

शेवटी तो शिडीवर उभा राहून छपराकडे बघत बसला. आमचे धुराडे आढ्यापेक्षा जेमतेम वीतभर वर होते. ते आणखी दोन फूट चढवावे लागेल, तो म्हणाला. छपरातून जिथे निघते तिथून तीन फूट तरी वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याहून दोन फूट उंच. नाहीतर वारा आढ्यावरून घरंगळतो आणि धूर परत आत ढकलतो.

त्याचे बोलणे संपले, आणि मी तशीच बर्फात उभी राहिले. मुलगी दोनदा हाक मारून गेली म्हणे. मला ऐकू आले नाही.

१९८६ साली माझा भाऊ गावी बिनधुराची चूल घेऊन आला होता. तेव्हा अशा चुलींचा सरकारी प्रचार जोरात होता. तशा त्या त्याहून जुन्या. वर्ध्याची मगन चूल होती, हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजूंनी १९५३ साली त्यांवर पुस्तक लिहिले होते. आमच्याकडे दोन तोंडांची मातीची चूल बसली, मागून सिमेंटचा नळ भिंतीतून बाहेर निघाला. आईने हळदकुंकू वाहिले. महिनाभर ती येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून स्वयंपाकघर दाखवी. मग पश्चिमेचा वारा सुरू झाला, आणि नळातून धूर उलटा यायला लागला. पहिल्यापेक्षा जास्त. पावसाळ्यापूर्वीच आईने नळात फडक्याचा बोळा कोंबला आणि पुन्हा फुंकणी हातात घेतली. आम्ही सुट्टीत गेलो तेव्हा तिला हसलो. म्हटले, आईला नवे काही नको असते.

तो नळ वळचणीखाली संपत होता. कौलांच्या पागोळ्या त्याच्या तोंडावर पडत. गवंड्याने तो तिथेच थांबवला होता, कारण छपराच्या वर न्यायचा तर कौले काढावी लागली असती. आणि आतून तो कधी कोणी झाडला नव्हता, झाडायचा असतो हे कोणी सांगितलेच नव्हते. आणखी सहा-सात फुटांचा नळ आणि एक लांब काठीचा ब्रश. आई १९९१ साली गेली. तिने जन्मात विडी ओढली नव्हती, आणि डॉक्टरांनी तिची फुप्फुसे पाहून मला विचारले होते, "किती वर्षे ओढीत होत्या?"

हे मी तिथे कोणाला सांगितले नाही. चहा करून आणला. कारागिराला आल्याचा चहा फार आवडला. त्याने दोन कप घेतले आणि तिसऱ्याची चौकशी केली.

संध्याकाळी शेगडी पेटवली. जावयांनी आधी वर्तमानपत्राचा एक कागद पेटवून नळीच्या तोंडाशी धरला, ज्योत सर्रकन आत ओढली गेली. मग बारीक ढलप्या, मग लाकूड. दार उघडले तरी धुराचा लोट बाहेर आला नाही. काच स्वच्छ राहिली. आणि पाच-सात मिनिटांनी घुंऽऽ असा आवाज सुरू झाला.

नातू कान देऊन म्हणाला, "आजी, ही गाते!"

"गाते तर," मी म्हटले. "आमच्याकडे हिची एक थोरली बहीण होती."

पुढच्या सप्टेंबरात मी पुण्यात होते. मुलीने फोटो पाठवला. तो उंच म्हातारा पुन्हा येऊन नळी झाडून गेला होता. जावयांनी वर्तमानपत्रावर काजळी ओतून ठेवली होती, शेजारी मापाला चहाचा कप. कप अर्धाही भरला नव्हता.